झुलत्या पुलाची तपासणी

१२ नोव्हेंबर, मंगळवार
पोचलो एकदाचे या जंगलातल्या रिसॉर्टवर! शेवटचे दोन किलोमीटर पायी — गाडीच्या धुराचा झाडांना त्रास होतो म्हणे. माझ्या पाठीचं कुणालाच काही नाही.

लाकडी खोली. टीव्ही नाही, घड्याळ नाही. भिंतीवर पाटी — ‘इथे फक्त असा’. फक्त असायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

लेकीचा हट्ट. ‘बाबा, चार दिवस लिफ्टचं नाव काढायचं नाही.’ तीस वर्षं लिफ्टच दुरुस्त करतोय, दुसरं कशाचं नाव काढू? तीन आठवडे सक्तीच्या रजेवर आहे. बाजाराच्या इमारतीतली लिफ्ट घसरली, सफाईवाल्या बाईंचा पाय दोन ठिकाणी मोडला. ब्रेक झिजलेला. चौकशी माझी आणि माझ्या जोडीदाराची — दाढीमुळे सगळे त्याला ‘दाढी’च म्हणतात. तपासणीच्या रजिस्टरात सह्या दोघांच्या. ब्रेक तपासायला वर कोण चढलं होतं? मी म्हणतो दाढी, तो माझं नाव घेतो. सोमवारी दोघांचे जबाब.

ही म्हणते, ‘तुमचा दोष नाही ना, मग झोपा शांत.’

१३ नोव्हेंबर, बुधवार
वाटाड्या पक्षी दाखवायला घेऊन गेला. सगळे वर बघत होते, मी खाली. दरीवर झुलता पूल आहे — तारेचे दोर, लाकडी फळ्या. दोर आवळणारी एक क्लिप ढिली. बोटानं फिरते! दोराच्या तीन-चार तारा तुटून वर आल्यात.

‘अहो, पक्षी तिकडे आहे,’ ही मागून.

मॅनेजरला सांगितलं. हसतमुख गडी. ‘सर, तुम्ही आराम करायला आलात ना?’ मग फाईलच काढली. गेल्याच महिन्यात तपासणी झालेली, खाली झोकदार सही.

‘सही काय, कुणीही ठोकतो,’ मी म्हणालो. म्हणालो आणि तोंड कडू झालं. चहा तसाच ठेवून उठलो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
पूल चालूच. तीनदा जाऊन बघून आलो. दुपारी ‘मौन-सत्र’ होतं, डोळे मिटून बसायचं. पाच मिनिटांत उठलो. डोळे मिटले की ते रजिस्टर दिसतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
आज तमाशाच केला मी.

सकाळी योगवर्गाच्या बायका आल्या, अकरा जणी. साठीच्या पुढच्या, हसत-खिदळत. सगळ्या एकदम पुलाकडे निघाल्या — फोटो काढायला! मी पळत जाऊन पुलाच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिलो. ‘कुणी जायचं नाही!’ मॅनेजर धावत आला. हिचा चेहरा शरमेनं लाल.

‘सर, पाहुण्यांना घाबरवू नका.’
‘बरं. मग चला, आपण दोघं जाऊ. मधोमध उभं राहू. चला!’

त्यानं पाऊल काही उचललं नाही. गुपचूप दोरी आडवी बांधली आणि खालच्या गावातून मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीनं क्लिप हातात घेतली, पिळलेले आटे मॅनेजरच्या नाकासमोर धरले. ‘अजून आठ दिवस, मग पूल दरीत होता.’

मग काय, माझा जयजयकार! बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक आजी म्हणाली, ‘अशी माणसं आहेत म्हणून आम्ही बिनघोर फिरतो.’ हिनं टेकडीवर रेंज शोधून लेकीला फोन केला. ‘तुझे बाबा म्हणजे ना! आणि अशा माणसाची चौकशी लावतात!’ आवाजात काय अभिमान.

जेवण गेलं नाही. ‘दमले असतील,’ ही त्या आजीला सांगत होती.

१६ नोव्हेंबर, शनिवार
वर, लिफ्टच्या ब्रेकपाशी, कुणीच चढलं नव्हतं. पाळी माझी होती. सहा मजल्यांचा जिना, मला कंटाळा आला. बस्स, एवढंच! खालीच बसून सही केली.

सकाळी हिला सांगितलं. ही पायरीवर बसली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘साहेबांना नंतर सांगा. आधी दाढीभाऊजींना फोन करा.’

टेकडीवर जाऊन केला. दाढी नुसतं ‘हं’ म्हणाला. ‘पाळी माझी होती, सोमवारी तेच सांगतो,’ मी म्हणालो.