बाबांची दाढ

ती. आईस,
नमस्कार. मी वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

तू फोनवर म्हणालीस, "यांची दाढही अस्थीच गं, रामकुंडात सोड." दाढ काढली तेव्हा बाबांनीच ती आमच्या डेंटल कॉलेजला दिली होती. दातात सिमेंट बसवायच्या गोंदात द्राक्षबियांचा अर्क घातला, तर दाताचे तंतू घट्ट होऊन जोड जास्त टिकतो का, हे आम्ही तपासतो. "बिया आपल्याच बागेतल्या घे," म्हणून ते हसले होते.

आई, फोनवर मला सांगवलं नाही. बाबा असतानाच मी त्या दाढेवर सिमेंट चिकटवून तिचे काप केले आणि जोड तुटेपर्यंत ते ओढले. तुकडे इतरांच्या दातांच्या तुकड्यांत गेले. आम्ही दातांवर नाव लिहीत नाही.

काल त्या तुकड्यांची डबी उघडून तासभर बघत बसले. त्यातले बाबा मला ओळखता आले नाहीत.

तुझी,
तृप्ती