शून्य फायलींचा माणूस

४ ऑगस्ट
पाण्याची दोन खाती एक करायची म्हणून सरकारनं आमच्या कंपनीला बोलावलं, कंपनीनं मला जयपूरला धाडलं. नाव जोडणीचं, काम जास्तीची माणसं शोधण्याचं. माझा तक्ता आज पूर्ण. महिन्यात कुणी किती फायली पुढे सरकवल्या, थेट कॉम्प्युटरवरून. तळाची बारा नावं जास्तीची, बदली राज्यात कुठेही. कपिल सर, म्हणजे आमचे बॉस, खूश. मीपण.

७ ऑगस्ट
अगदी तळाच्या माणसाला बघायला मुद्दाम गेले. गोपालजी, आवक टेबल. वय अठ्ठावन्न, रोज बस्सीहून बसनं येतात. फायली शून्य. वाटलं होतं, पेपर वाचत बसले असतील. तर टेबलापुढे ही रांग! अर्ज घ्यायचा, शेवटपर्यंत वाचायचा आणि इंजिनिअरला फोन. "भाईसाब, शास्त्री नगर की चौथी गली, आज ही देख लो." अर्ज ड्रॉवरमध्ये. शिक्का नाही, नंबर नाही.
फाईल का नाही करत, विचारलं. "मैडमजी, फाइल बनी तो छह टेबल घूमेगी. आदमी तो प्यासा बैठा है."
म्हणजे मी मोजलं काय? कामं किती अडली ते.

८ ऑगस्ट
गोपालजींची आई अंथरुणाला खिळलेली, घरात दोघंच. शेजारच्या टेबलवरच्या सुनीताजींनी सांगितलं. या नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागल्या, मुलगी दहावीला. यादीत तळातून तेराव्या. थोडक्यात वाचल्यात, त्यांना पत्ताही नाही. मला बळेच मठरी खायला घातली.

११ ऑगस्ट
सरांना म्हटलं, तक्ता चुकलाय. त्यांना पटलं, हेच वाईट. "पण बारा आकडा वर कळवलाय. एक काढ, एक घाल." घालायचं म्हणजे सुनीताजींना.
गेल्या महिन्यात वरून फोन आले तेव्हा दोन मोठी पदं न विचारता वाचली. तेव्हा आकडा आडवा आला नाही. सुधारणा काय, गरिबाच्या दारातूनच सुरू व्हायची. चिडचिड नुसती.
अमरावतीहून आईचा फोन. माझा आवाज ऐकूनच म्हणाली, "नोकरी कर, पण कोनाच्या पोटावर पाय नको देऊ बाप्पा."

१३ ऑगस्ट
सरांना न सांगता सहसचिव मॅडमना भेटले. चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. चांगल्या आहेत. "आप ठीक कह रही हैं. पर ज़बानी बात पर मैं लिस्ट नहीं रोक सकती. लिखकर दीजिए, आवक में नंबर डलवाइए. फाइल आएगी तो रोकूँगी." यादी उद्या संध्याकाळी सहाला मंत्र्यांकडे.
जगतपुऱ्याला खोलीवर येऊन लगेच लिहायला बसले. दीड पान. गोपालजी काय करतात, तक्ता का चुकला, चूक माझी. त्यांच्या जागी दुसरं नाव दिलं नाही. सर काय करतील ते करोत.

१४ ऑगस्ट
आवक म्हणजे गोपालजींचंच टेबल. काल डोक्यातच आलं नाही, कमाल आहे माझी. दुसरीकडे नंबर पडत नाही. दिला कागद.
ते वाचणारच. दीडच्या दीड पान वाचलं. मागे रांग. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.
"लिस्ट में मेरा नाम है?"
हो म्हटलं. मीच घातलं, तेही सांगितलं.
रागावले नाहीत. शेजारच्या टेबलाकडे बघितलं. सुनीताजी डबा उघडत होत्या. मग अगदी हळू, "मेरा कटेगा तो किसका लिखेंगे?"
माझी नजरही त्या डब्याकडेच गेली. त्यांना कळलं.
शिक्का उचलला, परत खाली ठेवला. "आप चलिए, मैडमजी. पीछे लोग खड़े हैं."

साडेचार झाले. मॅडमच्या शिपायाला दोनदा विचारलं, आवकमधून काही आलेलं नाही. खाली जाऊन शिक्का मारा म्हणावं, तर शेजारी सुनीताजी बसलेल्या.