सगळे का हसले

आई, आज ऑफिसात मी एका माणसाला तुझ्या जागी बसवलं, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय.

तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे माझं काम तुला ठाऊक नाही. सिरुसेरीच्या एका कंपनीत मी तमिळ मालिकांच्या खाली येणाऱ्या ओळी लिहिते, तुझ्यासारख्या ऐकू न येणाऱ्यांसाठी. कोण काय बोललं, दाराची घंटा वाजली, मागून कुणी टोमणा मारला, सगळं.

आपल्या वेलचेरीच्या घरातला रविवार आठवतो. टीव्हीवर विनोदी सिनेमा चालू आहे, बाबा, आत्या आणि मी हसून लोटपोट. तू एकेकाच्या तोंडाकडे बघतेस, बाबांचा दंड हलवून विचारतेस, काय झालं? बाबा मान हलवतात, विशेष काही नाही. मी खूण करते, नंतर सांगते. ते नंतर कधी यायचंच नाही. एकदा तू भांडी घासता घासता बाहेर आलीस आणि सरळ टीव्ही बंद केलास. ओल्या हातांच्या खुणांनीच बाबांना सुनावलंस, "विशेष आहे की नाही ते मी ठरवीन. मला सगळं सांगा." बाबा ओशाळले. मला मात्र तुझा फार अभिमान वाटला होता.

आता आमच्याकडे नवे मॅनेजर आलेत. माणूस वाईट नाही, पण सदा घाईत. म्हणाले, ओळी फार होतात, थट्टामस्करी गाळून टाक. "मुक्यमानदु मट्टुम पोदुम." महत्त्वाचं तेवढं पुरे! हो म्हटलं असतं तर पुढची अख्खी मालिका तशीच अर्धीमुर्धी लोकांपुढे गेली असती. माझं डोकंच फिरलं, पण भांडले नाही. एक भाग त्यांच्या म्हणण्याप्रमाणे छाटला, आवाज बंद केला आणि त्यांना समोर बसवलं. पडद्यावर सासू हातवारे करत कितीतरी वेळ बोलली. खाली एकच ओळ, 'सासू नाराज आहे.' मालिकेतलं सगळं घर खो खो हसलं. आम्हा ओळी लिहिणाऱ्यांना तो भाग पाठ, त्यामुळे खोलीतले आम्हीही हसलो.

"काय म्हणाली ती?" त्यांनी विचारलं.

"विशेष काही नाही, सर. नंतर सांगते."

पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. ते चिडले, आमच्या तोंडांकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "सरि, एल्लाम पोडुम्मा." बरं, सगळं घाल.

घरी आल्याबरोबर ओट्यापाशी उभी राहून मी तुला हे हातांनी सांगितलं, सासूच्या तोऱ्यासकट. मग हा कागद घेतला. तो पाठवायचा तरी कुठे? आणि खरं सांगू का, सासू काय म्हणाली ते यात लिहिलेलंच नाही. ते तुला सांगून झालंय. तू हसलीस असं धरून मी एकटीच हसत होते.