शेंदराखालची भेग

शनिवार, सांज. सिंदेवाही.

डोकं तापलं हाये म्हणून लिहून राह्यलो. कोरपन्याच्या म्हाताऱ्या लोहाराकडून मोटरीवर चालणारा जुना घण, पॉवर हॅमर, आणला, तो आज घासाले घेतला. त्याच्या बिडाच्या अंगावर, समोरूनच, शेंदराचा जाड थर होता. खरवडला तं खाली भेग! मनगटापासून कोपरापर्यंत भरंल एवढी. चालू केला तं बीड फुटून अंगावर येईल.

घेताना काऊन नाई दिसली मले? भेग असली तं बद्द आवाज येते म्हणून सगळीकडं हातोडी मारून ऐकलं होतं. फक्त शेंदरावर मारली नाई. पूजेच्या अवजारावर कोणता लोहार हातोडी मारते? उलट मी हात जोडले. अन् तो बाजूले उभा राहून म्हणे, "आमचा देव हाये, सांभाळजो."

देव म्हणे! शेंदूर बोटाले लागला होता, ओलाच होता. दसरा जाऊन किती महिने झाले, तरी ओला. तवाही माझ्या डोक्यात शिरलं नाई.

आताच त्याचा फोन आला. "पूजा केली का?"

"नाई केली. तुमच्याच हातानं करू, भाऊ. उद्या या," म्हटलं. खुश झाला.

बायको चुलीपासून ओरडली, "त्या चोराले काऊन बोलावता?"

येऊ दे. शेंदूर त्यालेच लावाले लावतो. मंग पट्टा चढवतो, मोटर सुरू करतो, अन् त्याले भेगेच्या बाजूनं उभा करतो. पाहू, आपल्या देवाजवळ किती वेळ थांबते तं.