पट्ट्यावरचा चिखल

२४ सप्टेंबर १९७२

माझ्या लाकडी रणगाड्याचे पट्टे आज बसले! सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, तिच्यावर नखाएवढे सागवानी तुकडे. फौंड्रीत दिवसभर पंपांच्या ओतकामाचे लाकडी पॅटर्न करतो, त्यातूनच उरलेलं लाकूड. दसऱ्याला हा रणगाडा तालमीत शस्त्रपूजेला ठेवणार, असं सगळ्यांना सांगून बसलोय. आता माघार नाही.

ज्ञानूदादा रजेवर आलाय, लढाईनंतर पहिल्यांदाच. खरा रणगाडा हाकणारा घरात असताना मी अंदाजाने कशाला रंगवू?

२८ सप्टेंबर

पट्टे काळे केले. वाळल्यावर उंचवट्यांवर बोटाने ग्राफाइट चोळलं — जमिनीला घासतं तिथं लोखंड चमकतं, असं दादानेच सांगितलं. रबराचं बघता बघता लोखंड झालं.

चिखलाचं विचारलं की मात्र दादा दुसरंच काहीतरी काढतो. आज जेवताना पुन्हा विचारलं, कुठं साठतो, किती साठतो? म्हणाला, "चाकांच्या मधी गच्च बसतोय. फुडं सरकू देत न्हाय." आणि अर्धी भाकरी टाकून उठला. चिमणावहिनीने माझ्याकडे पाहिलं. मला कळत होतं, आता पुरे. तरी मी त्याच्या मागोमाग परड्यात गेलो आणि चिखलाचा रंग विचारला! लिहायलाही लाज वाटते.

३ ऑक्टोबर

चाळलेली माती, सरस, थोडा रेड ऑक्साईड. चाकांच्या मधे काडीने भरलं, वाळू दिलं, दादाला दाखवलं. बराच वेळ हातात धरून बसला. मग म्हणाला, "झ्याक झालंय. लाल तेवढा कमी कर."

मी कमी केला नाही. लालाशिवाय चिखल मेलेला दिसतो. उलट अजून एक हात दिला. रंगातलं आपल्याला कळतं, ही घमेंड. मोठ्या भावाचं एवढंसं ऐकायला काय झालं होतं मला!

९ ऑक्टोबर

दादा रणगाड्याकडे पाठ करून बसतो. रागावलाय वाटतं. विचारलं नाही.

१६ ऑक्टोबर, खंडेनवमी

फौंड्रीतली पूजा उरकून घरी आलो. देवापुढं विळा, कुऱ्हाड, माझी पटाशी, सगळं धुऊन, हळदीकुंकू लावून, वर झेंडू. आणि मधोमध माझा रणगाडा — धुतलेला! चिखलाचा कण नाही. ग्राफाइटही गेलं. नुसतं ओलं रबर.

आई म्हणाली, "खंडेनवमी हाय. घाण तशीच ठिऊन पुजायचं व्हय? धुतलं म्या."

मी ओरडलो. सगळी मेहनत मातीत घातलीस, अडाणी ती अडाणीच राहिलीस म्हणालो. आईला! दादा आणि वहिनीच्या समोर. दादा खाली मान घालून होता. वाटलं होतं, माझ्या बाजूने एक शब्द तरी काढेल. आईने पदराने पट्टे कोरडे केले आणि मला ताट वाढलं. मी जेवलो नाही.

१७ ऑक्टोबर, दसरा

तालमीत गेलोच नाही. काय तोंड दाखवू?

आईच्या हातावर सोनं ठेवलं, पण पाया पडलो नाही. तिने मात्र डोक्यावरून हात फिरवला. अंगाला काटे टोचल्यासारखं झालं. तेव्हाच वाकलो असतो तर सुटलो असतो.

२० ऑक्टोबर

दादा आज गेला. एसटीत चढताना एवढंच म्हणाला, "आईवर राग धरू नगंस, केरबा."

घरी आल्यावर आईशी बोलायचं ठरवलं होतं. तीच विचारत होती, कालवण करू का, तिखट घालू का. मी नुसती मान हलवत राहिलो.

२१ ऑक्टोबर

वहिनीने सांगितलं.

"सासूबाईंनी न्हाय धुतला, भावजी. ह्यांनी धुतला. नळाखाली बसून, नखांनी चिखल उकरत हुते. 'निघाला बघ, बादशहा, निघाला' म्हणत हुते."

बादशहा कोण, तेही वहिनीनेच सांगितलं. कुरुंदवाडचा. दादाच्या रणगाड्यावरचा तोफची. पट्टा चिखलात अडकला तेव्हा दादानेच त्याला खाली उतरवलं होतं, मोकळा कर म्हणून. तो उकरत असताना गोळा पडला, बादशहा जागीच गेला. नंतर तो पट्टा दादाने धुतला. एकट्याने.

आईने रणगाडा त्याच्या हातून काढून घेतला, देवापुढं मांडला आणि वहिनीला बजावलं, धाकट्याला म्या धुतलं म्हणून सांगायचं.

आत्ता जाऊन तिच्या पाया पडलो. काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "तुला ठावं झालंय, हे ज्ञानूला कळू दिऊ नगंस."