दिल्लीत बोलले त्याचे पेढे

प्रिय आत्या,

तुला जाऊन वर्ष होत आलं आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. गेलेल्या माणसांवर लिहून द्यायचं काम छापखान्यात नेहमी माझ्याकडे येतं, ते मी मुकाट करतेही. तुझ्यावर लिहायला बसले की मात्र मी उठून भांडी घासायला लागते. आज बसलेय, कारण परवा दुपारी लोकसभेत पेन्शनवर चर्चा झाली आणि ती मला एकटीला बघावी लागली.

तू असतीस तर घरात सकाळपासून केवढी गडबड असती! भाकरी लवकर थापून झाल्या असत्या. "वैशे, तो पंखा बंद कर, ऐकू येत नाय!" असं दोनदा ओरडली असतीस. टीव्हीवर 'वृद्धापकाळ', 'असंघटित कामगार' असे शब्द आले की तू खुर्चीतून पुढं सरकायचीस. जणू आता कुणी तुझं नाव पुकारणार आहे.

आणि तुझी ती हजेरी! उभी हयात अंगणवाडीत गेली, सकाळचं पहिलं काम डोकी मोजायची. निवृत्त होऊन माझ्याकडं शहरात, सिडकोत राहायला आलीस, तरी सवय गेली नाही. कॅमेरा सभागृहावरून फिरला की तू बाकं मोजायचीस. "बघ, निम्मी पोरं गैरहजर! पोषण आहार बंद करा म्हणावं ह्यांचा." एखादे खासदार पेंगताना दिसले की तुझा आवाज मऊ व्हायचा. "झोपू दे गं. रात्रभर रडलं असंल."

परवा मी बाकं मोजली. मोठ्यानं. पोषण आहाराचं वाक्यही तुझ्यासारखंच म्हटलं आणि एकटीच हसले. थोड्या वेळानं वरच्या काकूंनी जिन्यातून विचारलं, "वैशाली, पाहुणे आलेत का गं?" मी म्हटलं, "नाही काकू, टीव्ही आहे." त्या "बरं" म्हणाल्या, पण लगेच वर गेल्या नाहीत. त्यांच्या चपलांचा आवाज बराच उशिरा आला.

चर्चा कशी झाली विचारशील. चांगली झाली. एक बाई तळमळीनं बोलल्या. अंगणवाडीच्या बायकांना पगार नाही, मानधन मिळतं, म्हणून पेन्शन नाही, मग म्हातारपणी त्यांनी जायचं कुठं, असं त्यांनी विचारलं. मंत्र्यांनी उत्तर दिलं. सदस्यांच्या भावनांची नोंद घेतली आहे, म्हणाले. मग पुढचा विषय पुकारला गेला. मी टीव्हीसमोर तशीच बसून राहिले. आता तू काहीतरी बोलशील, म्हणून.

असंच एकदा तुझ्यासमोर झालं होतं. आठवतं? मी छापखान्यात होते. तू एकटीनं चर्चा ऐकलीस. कुणीतरी अंगणवाडीच्या बायकांना पेन्शन द्या म्हणालं आणि तू टीव्ही बंद करून हर्सूल नाका गाठलास, पेढे घेतलेस आणि फुलंब्रीच्या गाडीत बसलीस. गावात घरोघर वाटलेस. तुझी मदतनीस कौसामावशी, जिनं तुझ्याबरोबर इतकी वर्षं खिचडी शिजवली, तिला तर पाव किलो वेगळे दिलेस. "झालं गं आपलं! दिल्लीत बोलले."

मला तेव्हा कळेना, तुझ्यासारख्या हुशार बाईनं असं कसं समजावं? मग ध्यानात आलं. तुमच्या दर महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेब जे बोलायचे ते दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचं. खिचडीऐवजी उसळ म्हणाले की उसळ. संसद म्हणजे त्या साहेबांच्याही साहेबांची मीटिंग. तिथं बोललं गेलं म्हणजे झालंच की!

मी तुला समजावून सांगितलं. सदस्य मागणी करतात, बोलतात, पण तेवढ्यानं कायदा होत नाही.  तू म्हणालीस, "मंग बोलत्यात कशाला?"



पण आत्या, तू कौसामावशीला खरं का नाही सांगितलंस? तिचा फोन आला की तू म्हणायचीस, "होईल, दम धर." मला वाटायचं, तिच्या गुडघ्याचं बोलतेयस. परवा चर्चा संपल्यावर तिनं मलाच फोन केला. "वैशाली, आज पुन्हा लागलं व्हतं म्हनं टीव्हीवर. कधीपासून मिळंल आमाला?"

फोनवर सांगवेना. काल सकाळी मी गावाला गेले.

हर्सूल, सावंगी, चौका. खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी कुणी बसलं नाही. तुझ्याबरोबर जायचे तेव्हा प्रत्येक थांब्यावर तुझ्या ओळखीचं कुणीतरी चढायचं आणि मला उठावं लागायचं. किती वैतागायचे मी!

मावशी अंगणवाडीमागच्या पत्र्याच्या खोलीत लोकांच्या शेंगा फोडत बसली होती. आटून टोपल्याएवढी झालीय गं ती. मला बघून म्हणाली, "आलीस? पाय धू आधी. मंग सांग."

मी म्हटलं, "मावशी, झालं नाही. नुसती चर्चा झाली."

"आन् मागच्या टायमाला?"

"तेव्हाही चर्चाच."

तिनं चार शेंगा फोडल्या. "मंग पेढे कशाचे व्हते?"

"चर्चेचे."

मला वाटलं, आता रडेल. ती हसायला लागली! दात नसलेलं तोंड पदरात लपवून हसत राहिली. "तुझी आत्या लई शानी. चर्चेचे पेढे! आन् मी त्यातला एक देवापुढं ठिवला. देव बी म्हनला असंल, बायांनो, खाऊन घ्या."

पण हसू ओसरल्यावर तिनं जे सांगितलं, त्यासाठी मी तुझ्यावर रागावले आहे. गावातल्या म्हाताऱ्यांनी निराधारांच्या सरकारी 'श्रावणबाळ' पेन्शनचे अर्ज भरले तेव्हा तिनं भरला नाही, तुझ्या सांगण्यावरून. "बाई म्हनल्या, आपली नोकरीची पेन्शन येतीय, दोन मिळत न्हाईत, थांब." थांबली ती. शेजारीण देईल त्या भाकरीवर थांबलीय. बीपीची गोळी एका दिवसाआड घेते, डबी लवकर संपू नये म्हणून. डबी हलवून मला दाखवली, अभिमानानं!

मी म्हटलं, "मावशी, आता तरी अर्ज भरू. तलाठी मंगळवारी बसतो ना? मी येते सोबत."

तिचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला.

"मी काय निराधार हाय व्हय? माझा ल्योक वाळूजला कंपनीत हाय."

"पैसे पाठवतो का?"

"त्याच्यामागं लई व्याप हायत."

"आला कधी होता?"

"येईल की! तुला काय घाई?" मग शेंगांचं टोपलं बाजूला सारून म्हणाली, "हे बघ पोरी. ह्या गावातली निम्मी पोरं माझ्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली. त्यातलाच एक तलाठ्याच्या शेजारी कागद घिऊन बसतो. त्यो इचारनार, मावशे, ल्योक सांभाळतो का? आन् मी त्याच्या तोंडावर म्हनू, मला कुनी नाय?"

मी खाली पडलेली टरफलं गोळा करायला लागले. तू असतीस तर तिला काहीतरी बोलली असतीस.

मग तिनंच विचारलं, "तुला कोन हाय?"

"मला काम आहे, मावशी."

"कामाला पेन्शन हाय?"

"नाही."

"मंग तू बी भर अर्ज!" म्हणाली आणि पुन्हा हसली. मीही हसले. पण येताना गाडीत ते वाक्य माझ्या शेजारी बसून राहिलं. तुला कोण आहे? तू होतीस तोवर मला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पंचेचाळिशी ओलांडली की दुकानदारसुद्धा 'घरी कोण कोण' विचारतो, हे तू गेल्यावर कळलं. खरं सांगू? परवा त्या बाई म्हाताऱ्या बायकांबद्दल बोलत होत्या, तेव्हा मी आधी तुझा विचार करत होते, मग मावशीचा. हळूहळू माझ्या लक्षात आलं, त्या माझ्याबद्दल बोलत आहेत. घरात कुणी असतं तर मी ते हसण्यावारी नेलं असतं.

मावशी थांब्यापर्यंत सोडायला आली. मी नको म्हटलं तरी आली, गुडघा धरत. गाडी दिसल्यावर म्हणाली, "मंगळवारी ये. पन दोन गोष्टी ऐक. तिथं मला बिचारी म्हनायचं नाय. आन् बाई खोटं बोलल्या असं कुनाला सांगायचं नाय. त्यांनी ऐकलं तसं सांगितलं."

बघ आत्या. तुझ्या शब्दावर उपाशी राहिली आणि तुझाच शब्द सांभाळतेय. माझा राग मी कुठं ठेवू आता?

तेव्हा मंगळवारी मी जाणार. आधी तिच्या गोळ्या घेणार, मग तिला घेऊन तलाठ्यासमोर बसणार. तो पोरगा विचारील, "ल्योक सांभाळतो का?" मी मध्ये बोलणार नाही. तिचं उत्तर तिलाच देऊ देईन. आणि ऐन वेळी मान वर करून ती "सांभाळतो की!" म्हणाली तर? म्हणेल ती, तू तिला ओळखतेस. तर मी तिच्याशी भांडणार नाही. तिला चहा पाजीन, घरी सोडीन आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा घेऊन जाईन. त्याच्या पुढच्याही. तिला जे म्हणायचं नाही ते तिच्या तोंडून निघेपर्यंत जात राहीन, आणि ते म्हणताना ती एकटी नसेल.

एवढं मी तुला वचन देते.

तुझी,
वैशू