तपकिरी वॅगनचा कमरेचा पट्टा

मी, लेम्पी उर्हो कार्विनेन, वय त्र्याऐंशी, राहणार हॅनकॉक, मिशिगन, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांनी कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारा माझा नवरा उर्हो होता, आणि तो टेकडीवरच्या दफनभूमीत आहे. यापूर्वी मी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

एक. मला उर्होच्या शेजारी पुरावे. हिवाळ्यात मेले तर जमीन मऊ होईपर्यंत थांबावे, उगाच यंत्र लावून खणू नये. चर्चच्या तळघरात कॉफी द्यावी आणि वेलदोड्याचा गोड पाव बाहेरून आणू नये. शेजारीण बर्निस करील. तिने साखर कमी घातली तरी कोणी नाक मुरडू नये.

दोन. घर, मागची सौना म्हणजे वाफेची न्हाणी आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते सर्व माझा एकुलता मुलगा डेल याचे. सौनाच्या चुलीची नळी बदलावी, हे मी त्याला सांगून थकले. आता लेखी सांगते.

तीन. उर्होची बर्फात भोक पाडायची पहार, मासे धरायचे गळ आणि त्याची ढकलगाडी चर्चला द्यावी. डेल तळ्यावर जात नाही. तो कुठेच जात नाही. शाळेच्या बॉयलरवर कामाला जातो तेही चालत, बर्फ कमरेइतके असले तरी.

चार. कॉफीचा मोठा पितळी बंब बर्निसला. तिची त्यावर कधीपासून नजर आहे आणि मला ते कळत नाही असे तिला वाटते.

पाच. आता स्टेशन वॅगन. तपकिरी, चार दारांची, मागे सामानाला लांब जागा. मोठ्या गाड्या परवडणाऱ्यांनी त्या घेतल्या. आम्ही पेट्रोल कमी खाणारी ही घेतली. उर्हो गेल्यापासून हिवाळ्यात, बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात तेव्हा मी ती शेडमधून बाहेर काढत नाही, म्हणून तिला गंज नाही. उन्हाळ्यात चर्च आणि वाणसामान, एवढेच तिचे जग. त्यामुळे इतकी वर्षे होऊनही ती फारशी धावलेली नाही, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन माझ्या अंगणात येऊन लाळ गाळतात. त्यांत पहिला माझा धाकटा दीर ऐनार.

ही गाडी आम्हाला ऐनारनेच विकली. तेव्हा तो गाड्यांच्या दुकानात विक्रेता होता. दार लावून किल्ली फिरवली की खिडकीवरच्या पट्टीवरून खांद्याचा पट्टा घरघरत मागे यायचा आणि छातीवर बसायचा. सगळा गाव बघायला आला होता. ऐनार म्हणाला, "दादा, तू नुसता बस. बाकी सगळं गाडी करते." कमरेचा पट्टा मात्र हाताने लावावा लागतो, हे त्याने सांगितले नाही. तो पट्टा सीटच्या फटीत पडून राहायचा. एक पट्टा आपणहून आला की दुसरा लावायचे कोणाला सुचणार? आमच्या गावात त्या गाड्या घेतलेल्या निम्म्या लोकांनी तो कधी लावला नाही. उर्हो तर म्हणायचा, "गाडीनं मला एकदा बांधलंय. आता मीच मला पुन्हा बांधू?"

सहा. सतरा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, डेल उर्होला याच वॅगनमधून दाताच्या डॉक्टरकडे नेत होता. वळणावर गाडी घसरली आणि थांबलेल्या लाकडांच्या ट्रकवर गेली. टक्कर काही भयंकर नव्हती. डेलने दोन्ही पट्टे लावले होते. त्याचे डोके काचेवर आपटले, बाकी काही नाही. उर्हो खांद्याच्या पट्ट्याखालून पुढे सरकला आणि त्याचे पोट आतून फाटले. गाडीला नवीन बॉनेट आणि दिवा बसला. उर्होला नवीन काही बसवता आले नाही.

सात. हे कलम मी शपथेवर लिहिते. उर्हो संध्याकाळपर्यंत शुद्धीवर होता. पलंगापाशी मी होते आणि ऐनार होता. उर्हो म्हणाला, "पोरानं सांगितलं होतं, बाबा, कमरेचा लावा. दोनदा सांगितलं. मी म्हटलं, तू रस्त्याकडे बघ." मग त्याने पाणी मागितले. डॉक्टरांनी देऊ दिले नाही. त्यानंतर तो बोलला नाही.

डोक्याला मार लागल्याने डेलला त्या दिवशीचे, घरातून निघाल्यापासूनचे, काहीच आठवत नाही. आणि उर्होच्या अंत्यविधीनंतर, भरल्या तळघरात, ऐनार म्हणाला, "स्वतःचा पट्टा बरा आठवला. बापाचा नाही आठवला." मी तिथल्या तिथे म्हटले, भावोजी, तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तर म्हणाला, "वहिनी, तुम्ही आई आहात. आई असंच बोलणार." लोकांनी कपात बघितले. तेव्हापासून ऐनारने तोंडात मिठाची गुळणी धरली आहे. दोष डेलवर आहे तोवर 'तू नुसता बस' हे कोणाला आठवत नाही, एवढे त्याला पक्के कळते.

डेलने पुन्हा गाडीला हात लावला नाही. दोन वर्षांनी त्याची बायको कॉनी सोडून गेली. दर फेब्रुवारीत एकदा तो शेडमध्ये जाऊन बापाच्या सीटवर बसतो. मी खिडकीतून बघते आणि तो बाहेर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मी मेल्यावर खिडकीत कोण उभे राहणार? ही एकच गोष्ट मला मरू देत नाही. मी त्याला शंभरदा खरे सांगितले. या कागदाचा कच्चा मसुदा वाचूनही तो म्हणाला, "आई, मेल्यावरसुद्धा माझ्यासाठी खोटं बोलणार का?"

आठ. म्हणून असे ठरवते. वॅगन ऐनारला द्यावी, त्याला ती हवीच आहे. मात्र सातवे कलम खरे आहे म्हणून त्याने या कागदावर साक्षीदाराची सही केली, तर त्याला गाडी मिळणार नाही, कारण आमच्या वकीलबाई जोअ‍ॅन टेरियन साक्षीदाराला काही घेऊ देत नाहीत. मग गाडी भंगारात जावी. दोन्हींतले एक त्याने माझ्या डोळ्यांदेखत निवडावे, आणि डेलने तिथे हजर असावे.

इथपर्यंतचे टाइप झालेले आहे. पुढचे मी हाताने लिहिते. वकीलबाई म्हणाल्या, चालेल.

आज सगळे माझ्या स्वयंपाकघरात जमले. ऐनारने चष्मा लावून सगळे वाचले. पाव खाल्ला. मग विचारले, "सही केली तर गाडी नाही?"

"नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"आणि नाही केली तर?"

"तर गाडी तुमची."

मी म्हटले, "भावोजी, सातवं कलम खोटं असेल तर तसं म्हणा. मी आत्ता खोडते. किल्ल्या घ्या आणि आजच गाडी घेऊन जा."

ऐनारने खिडकीतून शेडकडे बघितले. "टायर मूळचेच आहेत ना, वहिनी?"

डेल कॉफी ओतत होता. त्याने भांडे खाली ठेवले. "काका, खोटं आहे म्हणा."

"अरे, जुनं कशाला उकरायचं?"

"उकरू नका. नुसतं म्हणा. इतकी वर्षं म्हणत होतात ना? आई खोटं बोलते, म्हणा."

"मी एवढंच म्हणतो की गाडी चांगली आहे. भंगारात घालायची गाडी नाही ती." एवढे बोलून ऐनारने पेन माझ्याकडे सरकवले आणि टोपी घातली.

तो गेल्यावर डेल म्हणाला, "खोटं म्हटलं असतं तरी गाडी त्यांचीच होती. तरी म्हणाले नाहीत. म्हणजे मी सांगितलं होतं." मी म्हटले, "सांगितलं होतंस रे." मला वाटले, आता तो रडेल, मोकळा होईल. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "कॉनीला मूल हवं होतं, आई. मी नको म्हटलं. म्हटलं, जो बापाला नीट घरी आणू शकला नाही, त्याच्या गाडीत लेकरू बसवायचं नाही." डेल पन्नास वर्षांचा आहे. या नुकसानीची वाटणी करता येईल असे कलम वकीलबाईंकडेही नाही.

मी शब्द फिरवत नाही. गाडी ऐनारला द्यावी.

ठिकाण : हॅनकॉक, मिशिगन
तारीख : १४ ऑक्टोबर २०११

सही : लेम्पी कार्विनेन

वरील सही लेम्पीबाईंनी आमच्यासमोर केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली :
१. जोअ‍ॅन टेरियन, वकील
२. पॉल लिंडग्रेन, चर्चचे पाळक
३. ही ओळ ऐनार कार्विनेन यांच्यासाठी आखली होती. ती कोरी आहे. प्रत काढताना ती वगळू नये, आणि पहिली प्रत डेलला द्यावी.